वाड्याबाहेरचा पाटील : निळू फुले आणि एका साच्याचं प्रकरण

आमच्या हौशी नाट्यगटात दर एक-दोन वर्षांनी हा प्रसंग घडतोच. एकांकिकेत गावचा पुढारी असतो. भूमिका कुणाच्या तरी वाट्याला येते, आणि पहिल्याच तालमीला तो मुलगा एक डोळा बारीक करून, घसा खरवडून, मान तिरकी करून बोलायला लागतो. मी विचारतो, "हे कोण?" तो म्हणतो, "निळू फुले." मी विचारतो, "कुठल्या चित्रपटातले?" इथे गाडी अडते. "बाई, वाड्यावर या" हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं. ते कुठल्या चित्रपटातलं, कुठल्या प्रसंगातलं, समोरची बाई कोण, हे मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही सांगता आलेलं नाही.

मुलगा असतो विशीतला. निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले, तेव्हा हा बालवाडीत असणार. त्याने नट पाहिलेलाच नाही. त्याने नकला पाहिल्यात, आणि नकलाकारांनीही बहुधा आधीच्या नकलाकारांनाच पाहिलंय.

म्हणून कार्यशाळेत मी हे प्रकरण काढतो. एका चरित्र अभिनेत्याने एक माणूस इतका नेमका उभा केला की सिनेमाच्या धंद्याने तो साचा म्हणून उचलला आणि नटाच्याच गळ्यात अडकवला. अशा वेळी नट काय करतो? साचा तोडतो, त्यातच विरघळतो, की तिसरंच काही करतो? निळूभाऊंनी तिसरं काही तरी केलं असं माझं मत आहे. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली, पण त्या किमतीबद्दल आपण सहसा चुकीच्या जागी हळहळतो.

बाग आणि कलापथक

नीळकंठ कृष्णाजी फुले. शिक्षण फारसं झालं नाही. तरुणपणी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, ते माळीकाम करत. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला जात. हा आकडा त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात येतो, पुढे मोठेपणाचा दाखला म्हणून. मला तो दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. मिळकतीचा आठवा हिस्सा ज्या संघटनेला जातो, तिथे माणूस संध्याकाळी वेळ घालवायला जात नसतो. तिथे तो जग बघायला शिकत असतो.

सेवा दलाचं कलापथक ही त्या काळची एक अजब शाळा होती. तमाशाचा सांगाडा घ्यायचा, म्हणजे गण, गौळण, बतावणी, वग, आणि त्यात ताजं राजकारण भरायचं. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'तला रोंगे निळूभाऊंनी तिथेच केला. १९५७च्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी स्वतः 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटलेला, सभांना माणूस मावत नाही, आणि चौकात उभ्या असलेल्या त्याच माणसांसमोर हा वग व्हायचा.

वगात पदं ठरलेली असतात, संवाद पुष्कळसे नटाच्या हजरजबाबीपणावर सोडलेले असतात. वाक्य टाकायचं, समोरच्या गर्दीत ते कुठे लागतंय ते बघायचं, आणि त्या बघण्यावर पुढचं वाक्य बेतायचं. पुढे पडद्यावर निळूभाऊ वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे नुसतं बघत राहायचे. ती सवय इथली. आम्ही त्याला 'पॉज' म्हणतो आणि कार्यशाळेत पैसे घेऊन शिकवतो.

आणखी एक. त्या पथकांबरोबर फिरताना गावोगावचे पुढारी जवळून बघायला मिळाले. स्टेजवर पहिल्या रांगेतली खुर्ची कोण धरतो, कार्यक्रम संपल्यावर पाठीवर थाप कोण मारतो, आणि ती थाप मारताना कुणाकडे बघत असतो. ज्याला राजकारण कळत होतं आणि राजकारणात काही मिळवायचं नव्हतं, असा एक माणूस हे सगळं कोपऱ्यातून बघत होता.

पाटील बदलला होता

शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने निळूभाऊंचं नाव महाराष्ट्रभर झालं. तिथून अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटात झेले अण्णा ही भूमिका मिळाली. ते तेव्हा तिशीच्या शेवटाला आले होते. नायक म्हणून उभं राहायचं वय नव्हतं, चेहराही नव्हता.

मराठी चित्रपटाची तेव्हाची हवा आठवा. मान्यांच्याच 'सांगत्ये ऐका'ने (१९५९) पुण्यात अडीच वर्षं मुक्काम ठोकला, त्यानंतर तमाशापटांची रांगच लागली. या चित्रपटांना गावचा एक दुष्ट माणूस लागायचा. फड लावणारा, दौलतजादा करणारा, नायकाच्या जमिनीवर आणि नायिकेवर डोळा ठेवणारा. भरघोस मिशा, हातात चाबूक, आणि गरजून बोलणं.

पडद्याबाहेर मात्र हा माणूस बदलला होता. महसुली पाटीलकी संपवणारा कायदा १९६२ सालचा. त्याच वर्षी १ मेला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सहकारी साखर कारखानदारी पन्नासच्या दशकात प्रवरेकाठी रुजली होती, साठच्या दशकात ती फोफावली. ऊस कुणाचा आधी तोडायचा, जिल्हा बँकेचं कर्ज कुणाला, शाळेवर मास्तर कोण, दूध संघात भरती कुणाची, हे सगळं ठरवणारा एकच माणूस तयार झाला. 'पाटील' ही आता नुसती हाक उरली होती, खरी सत्ता चेअरमनपदात होती. आणि या माणसाला ओरडायची गरज नव्हती. ज्याच्या एका फोनवर तुमच्या उसाची तोड लांबते, तो कशाला ओरडेल?

निळूभाऊंनी हे ओळखलं. त्यांचा पाटील आवाज चढवत नाही. घोगऱ्या, खालच्या पट्टीत, जरा कंटाळल्यासारखा बोलतो. टोपी ठीक करतो, धोतराचा सोगा उचलतो, समोरच्याची चौकशी करतो. चौकशी संपेपर्यंत समोरच्याला घाम फुटलेला असतो. जुना खलनायक धमकी द्यायचा, हा आपुलकी दाखवायचा. गावातल्या प्रेक्षकाला ते लगेच ओळखू आलं, कारण तो तस्साच माणूस त्याच्या गावात होता.

आता गंमत अशी की ज्याला अवघा महाराष्ट्र अस्सल खेड्यातला पुढारी समजत होता, त्याचं आयुष्य पुण्यात गेलं होतं.

१९७२ : वाडा काढून घेतला तर?

साचा तयार झाला होता, कामं येत होती. त्याच सुमाराला कमलाकर सारंगांनी विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' बसवायला घेतलं आणि सखारामसाठी हा लोकनाट्यातला नट निवडला. सोबत लालन सारंग आणि कुसुम कुलकर्णी. मुंबई-पुण्याच्या नाटकी मंडळींना ही निवड तेव्हा विचित्रच वाटली असणार. प्रायोगिकवाल्यांचे तेंडुलकर आणि वगवाल्यांचे निळू फुले!

नाटक ज्यांनी पाहिलं वा वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सखाराम छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो. जन्माने ब्राह्मण, पण घरातून पळालेला. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणून ठेवतो. लग्न नाही, करार. सुरुवातीलाच तो लक्ष्मीला घर दाखवता दाखवता नियम ऐकवतो. दोन वेळचं जेवण मिळेल, लुगडी मिळतील, काम करावं लागेल, या घरात मी म्हणेन ते, जायचं असेल तेव्हा जा.

हा प्रसंग मी मुलांकडून अनेकदा वाचून घेतलाय. दहातले नऊ जण तो दमदाटीने वाचतात, पहिल्या पाच वाक्यांतच वर पोचतात आणि मग पुढे कुठे जायचं तेच कळत नाही. खरं तर ते भाषण एखादा खोली भाड्याने देणारा मालक नळाची वेळ सांगेल तशा सुरात लिहिलेलं आहे. सखारामला आपण क्रूर आहोत असं मुळीच वाटत नाही. जगातले नवरे खोटारडे आहेत, मी निदान आधी सांगतो, याचा त्याला अभिमान आहे. हे कळल्याशिवाय तो मृदंग घेऊन बसतो त्याला अर्थ राहत नाही, लक्ष्मीनंतरची बाई चंपा आल्यावर तो आतून ढासळत जातो त्यालाही नाही, आणि शेवटी तिचा गळा दाबल्यावर तो नुसता गारठून उभा राहतो त्याला तर नाहीच.

निळूभाऊंनी आपल्या पाटलाचंच सामान इथे आणलं. तोच घोगरा आवाज, तीच खालची पट्टी. मात्र अंगावरून वाडा काढून घेतलेला. ना जमीन, ना कारखाना, ना माणसं. हुकमत गाजवायला फक्त एक भाड्याची खोली आणि एक निराधार बाई. हाताशी सत्तेचं एकही साधन नसताना पुरुष कसा हुकूम सोडतो, हे त्या सखारामात दिसलं. तोवर प्रेक्षक 'तो गावातला पाटील असला' म्हणून सुटत होता. सखारामपाशी मुंबई-पुण्याच्या चाळीतल्यालाही सुटायची सोय राहिली नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. नाटकांच्या परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने कात्री काढली, नाटकाचं प्रमाणपत्र गेलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि सारंग जिंकले. त्या लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलंय. नटाच्या कामावर त्या मानाने फार थोडं. कोर्टाने नाटक वाचवलं, आणि नटाचं काम त्याच गदारोळात झाकलं गेलं.

सामना

मग जब्बार पटेलांचा 'सामना'. निर्माते रामदास फुटाणे, पटकथा तेंडुलकरांची. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील, डॉ. श्रीराम लागू मास्तर.

हिंदुराव साखरसम्राट आहे. गावात एक दारुडा, कधीकाळचा गांधीवादी मास्तर येऊन पडतो, आणि हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो (होय, वाड्यावर आणलेला हा पाहुणा पुरुष आहे). त्याला खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. का? मला वाटतं, हिंदुरावाला श्रोता हवाय. भोवतीचे सगळे 'होय साहेब'वाले. मास्तर पिऊन का असेना, पण बरोबरीने बोलतो. निळूभाऊंनी ही भूक फार छान ठेवलीय. मास्तर काही खोचक बोलला की त्यांच्या डोळ्यांत आधी मौज चमकते, राग मागाहून येतो. कधीकधी येतच नाही.

आणि मग मास्तर तो प्रश्न धरून बसतो: "मारुती कांबळेचं काय झालं?" मारुती कांबळे, सैन्यातून परतलेला, हिंदुरावाच्या कारभाराला आडवा गेलेला आणि नाहीसा झालेला माणूस. प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. पहिल्यांदा ऐकू न आल्यासारखं. मग चेष्टेवारी. मग हिशेब, म्हणजे या माणसाची किंमत किती असेल याचा. खलनायक म्हणून पकडला जाण्याची भीती त्यात फार उशिरा येते. आधी येतो तो गोंधळ, की हे तर मिटलं होतं, मग हा विचारतोय का? सत्तेच्या माणसाला प्रश्नाची सवय सुटलेली असते. हे हावभाव कुठल्याही अभिनय-विद्यालयात शिकून येत नाहीत. आयुष्यात शंभर चेअरमन जवळून बघावे लागतात.

आता पुन्हा त्या "वाड्यावर या"कडे येऊ. 'सामना'त पाटलाचा गुन्हा काय आहे? एक माणूस नाहीसा केला, आणि कारखाना, पोलीस, गाव, सगळ्यांनी मिळून तो नाहीसा झाल्याचं मान्य केलं. नकलाकारांनी त्यातलं काय उचललं? आवाज, डोळा आणि बाई. कारखाना गळून गेला. मारुती कांबळे गळून गेला. उरला तो एक लंपट म्हातारा, ज्याला गॅदरिंगमध्ये हशा मिळतो. साच्याचा निळूभाऊंवर झालेला खरा अन्याय मी हा धरतो. गावोगावच्या बायका त्यांना बघून बोटं मोडत, हे नेहमी हळहळून सांगितलं जातं, पण ती तर नटाची पावतीच होती. नुकसान झालं ते त्यांनी रेखाटलेल्या राजकारणाचं. ते पुसलं गेलं आणि हसण्यावारी गेलं, ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांच्या चांगलंच सोयीचं झालं.

मग त्यांनी काय केलं

साचा तोडायच्या वल्गना त्यांनी केल्या नाहीत. तमाशापटांतले, विनोदी चित्रपटांतले इरसाल पुढारी ते करत राहिले, काही बरे, काही अगदीच पाट्या टाकल्यासारखे. मी त्यांचा भक्त असलो तरी ऐंशीच्या दशकातले काही चित्रपट मला पुरे बघवत नाहीत. मिशी तीच, चाल तीच, दिग्दर्शकाने बहुधा 'भाऊ, तुमचं नेहमीचं' एवढंच सांगितलं असावं.

पण त्या पैशावर दुसरं खातं चालू राहिलं. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये ते अप्पाजी झाले. गांधीवादी जुना स्वातंत्र्यसैनिक, मुलगा मुख्यमंत्री, आणि हा बाप मुलाच्या सत्तेसमोर उभा ठाकणारा. म्हणजे टेबलाची बरोबर दुसरी बाजू. पटेलांच्याच 'सिंहासन'मध्ये (१९७९) ते दिगू टिपणीस होते, मंत्रालयाच्या जिन्यांवरून सगळं बघणारा वार्ताहर. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, आणि पडद्यावरचा हुकमी सत्ताधीश वही घेऊन कोपऱ्यात. दिगू चित्रपटभर फारसं काही करत नाही. ऐकतो, सिगारेट ओढतो, कुणी मंत्री खांद्यावर हात ठेवतो तेव्हा तो हात किती वेळ राहिला ते मोजतो. आणि शेवटी राजकारणाची सोंगटी पुन्हा होती त्याच घरात येऊन बसते तेव्हा वेड्यासारखा हसत सुटतो. कलापथकाच्या विंगेत उभं राहून पुढारी निरखणारा तो तरुण पडद्यावर कुठे दिसत असेल तर तो दिगूत.

हिंदीतही ते गेले. 'कुली', 'मशाल' वगैरे. त्यात मला मोलाचा वाटतो तो महेश भट्टांच्या 'सारांश'मधला (१९८४) गजानन चित्रे, शिवाजी पार्कच्या वस्तीतला राजकारणी. मुलापासून गरोदर राहिलेल्या मुलीने गर्भ पाडावा म्हणून तो, ती ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या म्हाताऱ्या प्रधान जोडप्याचं जगणं अवघड करतो. इथे धोतर नाही, वाडा नाही, भाषाही दुसरी. तरी तीच आपुलकी, तीच खालची पट्टी. हिंदी प्रेक्षकाला त्यात 'निळू फुले स्टाइल' वगैरे काही दिसलं नसणार, कारण त्याने नकला पाहिल्या नव्हत्या. त्याला फक्त माणूस दिसला आणि तो घाबरला.

रंगमंचाबाहेरचं थोडक्यातच सांगतो, कारण त्याची आरती पुष्कळ झालीय. बाबा आढाव, डॉ. लागू, डॉ. दाभोलकर यांच्याबरोबर सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्यात ते होते. त्यासाठी नामवंत नटनट्यांना घेऊन अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चा दौरा झाला. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं ही त्यामागची कल्पना. ८० तले १० देणाऱ्या माळ्याचा हिशेब मोठ्या आकड्यांत चालू होता, एवढंच. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पिंपळे गुरवला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, आणि त्या नावाआधी 'नटसम्राट' जोडलंय. नटसम्राट म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर डॉ. लागूंचे बेलवलकर येतात. निळूभाऊंनी हा फलक वाचला असता तर त्यांच्या डोळ्यांत आधी मौज चमकली असती.

तालमीत

या वर्षीचा आमचा पुढारी एका बँकेत वसुलीच्या कामाला आहे. पहिल्या दिवशी त्यानेही तोच घसा खरवडला. मी त्याला 'सामना' दाखवला नाही. म्हटलं, तुझ्या कामात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक कोण? तो म्हणाला, "जे ओरडतात ते सोपे असतात सर. एक जण आहे, आम्ही गेलो की चहा सांगतो. माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारतो. मी तिथून निघतो तेव्हा कागद पिशवीतच राहिलेले असतात."

"तो कसा बसतो, दाखव."

तो खुर्चीत मागे रेलला. हात पोटावर ठेवले. समोरच्या मुलीकडे, म्हणजे नाटकातल्या ग्रामसेविकेकडे, बराच वेळ काही न बोलता बघत राहिला. मग म्हणाला, "घरचे सगळे बरे ना?"

मुलीला पुढचं वाक्य आठवेना. आम्ही तालीम तिथून पुढे सुरू केली.